लॉक तीनदा दाबा

६ जानेवारी, सोमवार. सकाळी ६.४०

पिकअपच्या पुढच्या काचेवर गोठलेलं दंव जुन्या एटीएम कार्डाने खरवडत होतो. तेव्हाच निर्णय झाला. पिकअपला रिमोट स्टार्ट बसवायचा. बाजारातला वेगळा स्वस्त रिमोट नको, कंपनीच्या मूळ किल्लीवर चालणारा हवा. किल्लीवरचं लॉकचं बटण तीनदा दाबलं की इंजिन सुरू. आपण वर चहा पीत असताना खाली गाडी गरम होते, काच स्वच्छ होते. उतरायचं, बसायचं, निघायचं.

हे आधीच केलं असतं तर आज घरात दोन कप लागले असते. नोव्हेंबरात एका पहाटे मेहुण्याचा फोन आला की बाबांचं काही खरं नाही, हॉस्पिटलला लगेच या. दोन तासांचा रस्ता. आम्ही पोचलो तेव्हा सासरे जाऊन दहा मिनिटं झाली होती. बायको तेव्हापासून माहेरी आहे. आईला सोबत म्हणून.

उशिराचं कारण मी नीट तपासलं आहे. थंड इंजिन आणि काच. कारण कळलं की पुढचं फक्त काम उरतं.

संकल्प: महिनाअखेरीस रिमोट स्टार्ट तयार. मग तिला आणायला जायचं. गरम गाडीतून.

ता. क. खरवडताना कार्डाचा कोपरा तुटला. चालू कार्ड होतं. जुनं खिशातच राहिलं.

८ जानेवारी

फ्यूजकडे गेलो. फ्यूज म्हणजे मी ज्या दुकानाच्या काचा पिकअपने पोचवतो, त्याच्या मागे गाड्यांची वायरिंग करणारा. खरं नाव कोणी विचारत नाही. मी प्रश्न लिहून नेले होते. चौथ्या प्रश्नाला तो म्हणाला, बाळा, तू गाडी घेऊन ये आणि प्रश्न घरी ठेव.

माहिती मिळाली ती अशी. गिअर ऑटोमॅटिक आहे, म्हणजे जमेल. स्टिअरिंगखाली एक छोटी पेटी बसते, तिला मॉड्यूल म्हणतात. बॉनेट उघडं असताना इंजिन सुरू होऊ नये म्हणून बॉनेटला एक स्विच लागतो. आणि मॉड्यूलला गाडीच्या दोन्ही किल्ल्यांची ओळख करून द्यावी लागते. एका किल्लीवर तो भरवसा ठेवत नाही.

दुसरी किल्ली बायकोकडे आहे. म्हणजे तिला फोन करणं आता तांत्रिक गरज आहे. फार बरं वाटलं.

९ जानेवारी

फोनवर काय बोलायचं ते मुद्द्यांनी लिहिलं. शुद्ध केलं. पुन्हा लिहिलं. फोन केला नाही. ती झोपली असेल. दुपारचे चार वाजले होते, पण दमलेल्या माणसाला वेळ नसते.

११ जानेवारी

केला. मेहुण्याने उचलला. मला "भावोजी" म्हणाला, पण नुसतंच, पुढे काही नाही. मग ती आली. मी तिला रिमोट स्टार्ट सविस्तर समजावला: मॉड्यूल, स्विच, तीनदा लॉक. ती एकही शब्द मध्ये न बोलता ऐकत होती. म्हणजे रस आहे. शेवटी म्हणाली, किल्ली पाठवते.

कशी आहेस, हे विचारायचं राहिलं. मुद्द्यांत होतं. सहावा मुद्दा होता, आणि पाचव्यालाच फोन ठेवला गेला.

१४ जानेवारी

कुरिअरने किल्ली आली. इतक्या लवकर. म्हणजे या कामाला तिचा पाठिंबा आहे. पाकिटात चिठ्ठी वगैरे नव्हती. पाकीट उलटं करून झटकलं, उजेडात धरून पाहिलं. नव्हती.

किल्लीला कीचेन म्हणून तिची पितळेची छोटी होडी होती, ती काढून घेतलेली आहे. यावर दिवसभर विचार केला. ज्याला किल्ली परत नको असते तो होडीसकट देऊन टाकतो. तिने होडी ठेवली, म्हणजे ती किल्लीची वाट बघणार. हिशोब बरोबर आहे.

दुकानात मालकांकडे उचल मागितली. कशाला ते सांगितलं. मालक म्हणाले, जग गाडीत बसून गाडी सुरू करतं, तुला काय दुखतं? पण दिली. मग म्हणाले, आठ फुटी काच पोचवायला तुझ्याशिवाय कोणाला देत नाही, हे लक्षात ठेव. मी एकही काच आजवर फोडलेली नाही. निघण्याआधी प्रत्येक दोरी तीनदा ओढून बघतो. काळजी घेणाऱ्या माणसाची कुठेतरी कदर होतेच.

१८ जानेवारी

मॉड्यूल बसला.

सकाळी फ्यूजने स्टिअरिंगखालचं सगळं उघडलं. आतून इतक्या वायरी निघाल्या की मला बघवेना. मी टॉर्च धरून उभा होतो आणि प्रत्येक जोडाचा फोटो काढत होतो. फ्यूज म्हणाला, फोटो काढ, पण मानेवर श्वास सोडू नको. पुढे म्हणाला, तू बाहेर उभा राहिलास तर मी दुपारी जेवेन. मी बाहेरून, काचेतून बघत राहिलो.

दुपारी त्याने किल्ली माझ्या हातात दिली. दाब. एक, दोन, तीन. दिवे लुकलुकले. इंजिन एकदा खाकरलं आणि सुरू झालं. सीट रिकामी, स्टिअरिंगसमोर कोणी नाही आणि गाडी निघायच्या तयारीत. अंगावर काटा आला. कोणीतरी माझ्या आधी खाली उतरून, सगळं तयार करून माझी वाट बघत असावं, तसं वाटलं.

फ्यूजने विचारलं, एवढं कुणासाठी? म्हटलं, बायकोसाठी, तिला थंडी बाधते. त्याने मजुरीतले थोडे कमी केले. म्हणाला, घेऊन ये एकदा वहिनींना, दाखवू.

म्हटलं, येतीलच.

१९ जानेवारी

डॅशबोर्डसाठी स्टिकर करून घेतला. 'सावधान. हे वाहन आपोआप सुरू होऊ शकते.' छापणाऱ्याने 'शकतें' असं टिंब दिलं होतं. पुन्हा छापायला लावला. तो म्हणाला, टिंबाने गाडी अडणार आहे का? काही लोकांना साध्या गोष्टीसुद्धा नीट करायच्या नसतात.

२० जानेवारी

मॉड्यूलमध्ये दोष आहे. संध्याकाळी गाडी लावली, नेहमीप्रमाणे लॉक केली, नीट खात्री करून वर आलो. भाजी चिरायला घेतली तर खालचे काका दारात. तुझी गाडी सुरू आहे आणि आत कोणी नाही, म्हणाले. पळत गेलो. खरंच सुरू. बंद केली. लॉक केली, खात्री केली, वर आलो. जिना चढतोय तोच खाली पुन्हा आवाज.

२१ जानेवारी

पुन्हा तेच. आज चारदा. डिझेलचा काटा डोळ्यांदेखत उतरतोय. गाडीच्या धुराची नळी नेमकी काकांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर येते. काका म्हणाले, गाडीत भूत असेल तर माझी हरकत नाही, फक्त त्याला सांग की तोंड इकडे आणि पाठ तिकडे करून उभं राहा.

गाडी उलट्या तोंडाने लावली. आता धूर पानवाल्याकडे जातो. तो अजून बोललेला नाही.

२३ जानेवारी

फ्यूजकडे तक्रार. त्याने मीटर लावून सगळं तपासलं. त्याने लॉक केली, गाडी गप्प. पुन्हा केली, गप्प. त्याच्यासमोर शहाण्यासारखी वागते. म्हणाला, दोष गाडीत नाही. मी म्हटलं, मग कशात आहे? तो म्हणाला, ते मला मीटरवर दिसत नाही.

त्याचा मीटर जुना आहे.

२५ जानेवारी

आणखी एक अडचण. आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून किल्लीचा सिग्नल पोचत नाही. पण उपाय सापडला: किल्ली हनुवटीला टेकवायची, तोंड थोडं उघडायचं आणि बटण दाबायचं. डोक्याचा अँटेना होतो म्हणतात. आज सकाळी असं उभं राहून दाबलं आणि सुरू झाली! म्हणजे जेव्हा सुरू व्हायला हवी तेव्हाही होते, हे सिद्ध झालं.

काका खालून बघत होते. हात हलवला. मीही हलवला. त्यांनी काकूंना बोलावून आणलं.

२७ जानेवारी

आज तिला फोन केला. मुद्दे लिहिले नव्हते. काम पूर्ण झालं हे सांगितलं, आणि गाडी आपोआप सुरू होते तेही सांगितलं. भुताचं सांगितलं, पानवाल्याचं सांगितलं.

ती म्हणाली, "लॉक करताना बटण किती वेळा दाबतोस?"

म्हटलं, नेहमीसारखं.

"तीनदा दाबतोस. पहिल्यांदा लॉक करायला, दुसऱ्यांदा झालं का बघायला, आणि तिसऱ्यांदा जीव शांत व्हायला. अरे वेड्या, भूत तूच आहेस."

आणि हसली.

तिचं हसणं आधी नाकातून सुरू होतं, मग ती ते दाबायला बघते, मग तिला जमत नाही. सगळं तसंच. मीही हसलो. मग हनुवटीचं सांगितलं, तर ती आणखी हसली. आम्ही इतके कधी हसलो होतो आठवत नाही. मग ती एकदम थांबली. म्हणाली, मीच फोन करणार होते, थोडं बोलायचं आहे, रविवारी करते.

थोडं बोलायचं आहे! मी पडदे धुवायला काढले.

२८ जानेवारी

संकल्प: आजपासून लॉक एकदाच.

एकदा दाबलं, वर आलो. मनाला पटेना. खाली गेलो, एकदा दाबलं, वर आलो. पटेना. असे इतके जिने झाले की काकांनी विचारलं, डॉक्टरांनी सांगितलंय का.

२९ जानेवारी

नवी पद्धत. तीनदा दाबलं की गाडी सुरू होते, पुढे आणखी तीनदा दाबलं की बंद होते. म्हणजे सहादा दाबायचं. लॉकही होते आणि खात्री दुप्पट. आज तीच वापरली. फक्त मधेच संशय आला की दाबून झालं ते पाचदा की सहादा. मग सुरुवातीपासून.

३१ जानेवारी

महिनाअखेर. संकल्पानुसार काम पूर्ण. आयुष्यात ठरवलेल्या तारखेला पूर्ण झालेलं हे माझं पहिलं काम असावं. ती आली की हसत हसत ही सवय सुटेल. एकट्याने सुटत नाही, त्याला कोणीतरी हसणारं लागतं.

२ फेब्रुवारी, रविवार

तिचा फोन आला. सविस्तर लिहितो, म्हणजे गैरसमज नको.

तिला तिकडच्या एका शाळेच्या ऑफिसात नोकरी मिळाली आहे. ती तिकडेच राहणार आहे. तिचं कपाट, शिलाई मशीन आणि पुस्तकांची खोकी न्यायची आहेत. पुढच्या शनिवारी पिकअप मिळेल का, असं तिने विचारलं. मी म्हटलं, मिळेल का म्हणजे काय, घरचीच आहे. मग म्हणाली, सकाळी सातला जमेल? म्हटलं, गाडी गरम करून ठेवतो.

विचार करता लक्षात येतं की सामान माणसाच्या सोयीसाठी असतं. नोकरी तिकडे आहे तर मशीन तिकडे हवंच. मुख्य मुद्दा असा की शनिवारी ती दोन तास गाडीत बसणार आहे. आणायला जायचं ठरलं होतं, त्याऐवजी सोडायला जायचं. रस्ता तोच आहे.

५ फेब्रुवारी

ताई आली होती. मॉड्यूलच्या वेळी तिच्याकडूनही थोडे पैसे घेतले आहेत, त्यामुळे तिला बोलायचा हक्क आहे. धुतलेले पडदे बघितले, डिझेलची फुल टाकी बघितली, मी सीटसाठी नवीन कव्हर आणलं ते बघितलं. म्हणाली, अरे, ती सामान नेतेय. म्हटलं, माहीत आहे, मीच तर नेऊन देतोय. मग तिने भांडी घासून टाकली. मी नको म्हणत होतो, तरी कोरडी असलेलीसुद्धा घासली.

७ फेब्रुवारी

कपाटाच्या आरशाला दुकानातून आणलेले फोमचे कोपरे लावले. मध्ये ब्लँकेट. दोर नवा. आरसा दोन तास उभा प्रवास करेल, त्याला ओरखडा येणार नाही. या कामात मला तोड नाही, हे मालकसुद्धा मान्य करतात.

कपाट रिकामं करताना तिच्या कप्प्यात माझे दोन शर्ट निघाले. परत माझ्या कप्प्यात ठेवले. माझा कप्पा याच कपाटात आहे हे मग लक्षात आलं. खुर्चीवर ठेवले.

८ फेब्रुवारी, शनिवार

ती पहिल्या बसने आली. केस कापलेत. बरी दिसते. पाणी प्यायली, स्वतः घेऊन. दोन हमाल होते, त्यांनी कपाट उतरवलं. मेहुणा तिकडे उतरवून घ्यायला थांबला होता. सामान चढवून, बांधून मी वर आलो आणि तिला खिडकीशी बोलावलं. किल्ली हनुवटीला लावली. एक, दोन, तीन.

पहिल्याच फटक्यात सुरू झाली. महिनाभरात इतकी सुंदर सुरू झाली नव्हती. दिवे लुकलुकले, मागून पांढरा धूर निघाला, काचेवरचं दंव खालच्या कडेने विरघळत वर सरकू लागलं. आम्ही दोघं खिडकीत उभे राहून ते बघत होतो. ती म्हणाली, छान केलंस. तिने मनापासून म्हटलं. मला कळतं.

मी गॅस बघितला, दार लावलं. ती जिन्यात थांबली होती. घाई कर म्हणाली नाही.

गाडीत ऊब होती. तिने हात हीटरसमोर धरले. शहर मागे पडल्यावर मी विषय काढला. म्हटलं, हे तेव्हा असतं तर बाबांची भेट झाली असती. वीस-पंचवीस मिनिटं तर नुसती काच आणि इंजिन यातच गेली.

ती समोर बघत होती. म्हणाली, "तेव्हा गाडी सुरूच होती रे."

मी आरशात मागचा दोर बघितला.

"मी आधी उतरले होते. काच मी खरवडली. हीटर लावला. अशीच ऊब होती आत. तू वर होतास. गॅस बघून आलास, मग कुलूप बघायला गेलास, मग पुन्हा गॅस. मी हॉर्न वाजवला. मग लोक उठतील म्हणून तोही बंद केला, आणि बसून राहिले."

पुढे एक पूल आहे. पूल ओलांडल्यावर म्हणाली, बाबांनी दोनदा विचारलं होतं म्हणे, निघाली का म्हणून. दादाने सांगितलं, निघाली.

ती रडली नाही. रागावलेली पण नव्हती. रागावली असती तर मी काहीतरी समजावलं असतं.

मेहुण्याने आणि मी सामान उतरवलं. आरशाला ओरखडा नाही. सासूबाईंनी चहा विचारला, पण दारातच विचारला. दुसरी किल्ली मी तिच्यापुढे धरली. ती म्हणाली, तुझ्याकडेच राहू दे, एखादी हरवली तर अडेल. मग पर्समधून पैसे काढले. मी हात मागे घेतले, तर तिने ते डॅशबोर्डवर, त्या स्टिकरवर ठेवले. म्हणाली, "घे. शनिवारचा धंदा बुडला तुझा. दुसऱ्या कोणाला दिलेच असते ना."

परत येताना हीटर लावला नाही.

९ फेब्रुवारी

त्या पहाटेचा हिशोब पुन्हा मांडला.
थंड इंजिन: काही नाही.
काच: काही नाही.
बाकी जागा मोकळी ठेवली आहे. लिहायला बसलो होतो. लिहून होत नाही.

आता पैशांचा.

खर्च
मॉड्यूल: ९,४००
बॉनेट स्विच, वायर, फ्यूज: ६५०
मजुरी (सवलत धरून): १,८००
स्टिकर, दोनदा: १२०
डिझेल, उभ्या गाडीत जळालेलं, अंदाजे: २,३००
सीट कव्हर: ७००
नवं एटीएम कार्ड: १५०
शनिवारचे हमाल: ६००
एकूण: १५,७२०

देणं
मालक, उचल: ८,०००
ताई: ३,००० (म्हणाली, असू दे. नको. देणार.)
फ्यूज, मजुरीतले उरलेले: ५००

जमा
घरसामान, एक खेप: १,५००. भाडं पूर्ण मिळालं.

येणं
कोणाकडून काही नाही.